नाल्याच्या अलीकडून

पत्राचा गोषवारा : पत्रलेखक ३१ वर्षांचे, जळगाव जिल्ह्यातले. आठवडाभर नोकरी करतात आणि गेली सहा वर्षं शनिवार-रविवारी आतेभावासोबत ट्रेक काढतात. यंदा श्रावणातल्या एका रविवारी ४६ जणांना घेऊन ते सातपुड्यातल्या एका धबधब्याकडे निघाले. माणशी ८९९ रुपये. त्यात बस, नाश्ता, जेवण. धबधब्याच्या अलीकडे एक नाला ओलांडावा लागतो. तिथे पोचले तेव्हा पाणी गुडघ्याखालीच होतं, पण गढूळ व्हायला लागलेलं, आणि वर डोंगरात काळं भरून आलं होतं. वाटाडे म्हणून सोबत असलेले पाड्यावरचे काका म्हणाले, "आज नको." पत्रलेखकांनी सगळ्यांना परत फिरवलं. बसमध्ये वाद झाला, ११ जणांनी पैसे परत मागितले, काहींनी ऑनलाइन एक-एक तारा दिला. त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका ग्रुपने त्याच धबधब्याखाली नाचतानाचे त्या दिवशीचे व्हिडिओ टाकले. आतेभावाचं म्हणणं : "सगळ्यांनी फॉर्मवर सह्या केल्यात, जबाबदारी त्यांची. सहा वर्षांत कधी काही झालं नाही. पुढच्या वेळी मत घ्यायचं, ज्यांना जायचं त्यांना जाऊ द्यायचं." पत्रलेखक विचारतात, "मी घाबरट आहे का? असं वागून धंदा टिकेल का? आणि भावाला काय सांगू?"

नमस्कार भाऊ,

आधी त्या व्हिडिओंबद्दल बोलू, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात खोल तेच रुतलेलं दिसतंय. पैसे गेले, शेरे वाईट आले, हे तुम्ही दोन ओळींत उरकलंत. व्हिडिओंवर मात्र पानभर लिहिलंत. "ते गेले, भिजले, सुखरूप आले. मग मी ४६ जणांचा रविवार का वाया घालवला?"

पावणेअकरा वाजता नाल्याच्या अलीकडे उभे असताना तुमच्यासमोर काय होतं, तेवढंच बघू. गढूळ होत चाललेलं पाणी. डोंगरावर काळं आभाळ. तो नाला वर्षानुवर्षं ओलांडणाऱ्या माणसाचा नकार. आणि मागे ४६ जण, ज्यांतले निम्म्याहून जास्त पहिल्यांदाच डोंगरात आलेले, असं तुम्हीच लिहिलंय. पाऊस पुढे सरकला, पाणी चढलं नाही, हे दुपारनंतर कळलं. पावणेअकराला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्या दुसऱ्या ग्रुपलाही नव्हतं. दारू पिऊन गाडी चालवणारा माणूस बहुतेक रात्री सुखरूप घरी पोचतो. म्हणून त्याने गाडीला किल्ली लावली ते बरोबर होतं, असं आपण म्हणत नाही. निर्णयाचं मोल तो घेताना हातात काय होतं त्यावर करायचं. संध्याकाळी काय घडलं त्यावर करायला गेलात, तर परत फिरण्याचा प्रत्येक निर्णय चुकीचाच वाटेल, कारण परत फिरल्यावर कधीच काही घडत नाही. त्यासाठीच तर आपण फिरतो.

हेच तुमच्या आतेभावाच्या "सहा वर्षांत काही झालं नाही" या वाक्यालाही लागू आहे. पावसाळ्यात तो नाला तुम्ही सहा वर्षांत किती वेळा ओलांडला असेल? दहा-बारा वेळा धरू. समजा, अशा शंभर फेऱ्यांत एकदाच ऐन ओलांडताना लोंढा येतो. मग तुमच्यासारखे शंभर आयोजक घेतले, तर त्यांतल्या ८८-८९ जणांना बारा फेऱ्यांत काहीच दिसणार नाही. ते सगळे मनापासून सांगतील, आमच्याकडे असलं काही होत नाही. त्यांतलं कुणी खोटं बोलत नसेल. पण त्यांच्या सहा वर्षांतलं त्यांचं कसब किती आणि निव्वळ गाठ न पडणं किती, हे त्यांना स्वतःलाही सांगता येणार नाही. उरलेल्या ११-१२ जणांनी काही वेगळं केलेलं नसतं.

आपला सातपुडा तर या बाबतीत फार फसवा आहे. सुकी, मोर, गूळ, अनेर या नद्या डोंगरातून निघतात आणि थोडक्या अंतरात खाली तापीला मिळतात. वर उतार उभा, पायथ्याला दगडगोट्यांचा पट्टा, आणि त्याच्यापुढे आपल्या केळीच्या बागा. पाऊस पडतो वर, मध्य प्रदेशच्या हद्दीकडे. खाली यावल-रावेरकडे ऊन असतं. उन्हात उभ्या असलेल्या माणसापर्यंत पाणी येतं तेव्हा त्याच्या डोक्यावर ढगही नसतो. त्याआधी नाला काही गोष्टी सांगतो : पाणी गढुळतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागतात, कडेला फेस साचतो, दगडांचा आवाज घुमायला लागतो. यातलं एक जरी दिसलं तरी ओलांडायचं नाही. पलीकडे असाल तर घाईने अलीकडे यायची धडपड न करता तिथेच उंचावर जाऊन थांबायचं. वेगाने वाहणारं पाणी "फक्त गुडघ्याएवढं" आहे, या भरवशावर फार माणसं गेली. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. शेवाळावर पाय सरकला आणि माणूस आडवा झाला की मग गुडघ्याएवढं पाणीही छातीवर येतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले. ते आले तेव्हा पाणी भितीदायक नव्हतं, म्हणून तर मुलाबाळांना घेऊन प्रवाहात उतरले होते. पाणी चढल्यावर एकमेकांना धरून एका खडकावर उभे राहिले होते. ते दृश्य मी एकदाच पाहिलं, दुसऱ्यांदा बघवलं नाही.

मला हे नुसतं वाचून ठाऊक नाही. तिशीत असताना मी एका शिबिराची मदतनीस म्हणून कॉलेजच्या मुलींना घेऊन सातपुड्यात गेले होते. परतताना संध्याकाळ झाली, आणि वाटेत एक नाला. सोबत आलेले पावरा समाजाचे गृहस्थ काठावर उकिडवे बसले, पाण्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "थांबा थोडं." आमच्या प्रमुखांना मुक्कामी पोचायची घाई होती. मी काहीच बोलले नाही. आम्ही हातात हात धरून साखळी केली आणि उतरलो. मधोमध एका मुलीचा पाय सुटला, आणि साखळीमुळे तिच्यामागच्या दोघी तिच्याबरोबर ओढल्या गेल्या. ते गृहस्थ खालच्या अंगाला हातातली काठी रोवून उभे होते, म्हणून तिघी अडल्या. पुढची कित्येक वर्षं हा प्रसंग मी "काय धमाल आली होती" म्हणून सांगत होते. स्वतःची मुलगी कॉलेजात गेली आणि एका पावसाळ्यात शिबिराला निघाली, तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की ती गोष्ट धमालीची नव्हती. त्या माणसाने "थांबा" म्हटलं होतं आणि मी ऐकून गप्प बसले होते. म्हणून तुम्ही त्या काकांचं ऐकलंत हे वाचून मला किती बरं वाटलं, ते शब्दांत सांगता येत नाही. तेव्हा घाबरट हा शब्द सोडून द्या. ४६ जणांच्या रागासमोर उभं राहायला नाला ओलांडण्यापेक्षा जास्त धीर लागतो.

आता तुम्हाला न आवडणारं एक सांगते. निर्णय बरोबर होता, तरी त्या लोकांचा राग अगदी खोटा नव्हता.

तुम्ही पत्रासोबत ट्रेकची जाहिरात पाठवली आहे. तीत धबधब्याचा मोठा फोटो आहे, खाली "धबधब्यात चिंब भिजण्याची हमी" असं लिहिलंय. भाऊ, पावसाळ्यात सातपुड्यातल्या धबधब्याची हमी कोण देऊ शकतं? लोकांनी ८९९ रुपये त्या हमीचे दिले. परत फिरण्याची शक्यता त्यांनी पहिल्यांदा ऐकली ती नाल्याच्या काठावर, ओले बूट घालून, पहाटे चारला उठून आल्यावर. तिथे कुणालाही फसवल्यासारखंच वाटणार. भांडण बसमध्ये झालं खरं, पण ते पेरलं गेलं होतं जाहिरात लिहिली त्या दिवशी. परत फिरणं हा ट्रेकचाच एक भाग आहे, आणि तो पैसे घेण्याआधी सांगायचा असतो.

कसा सांगायचा? बुधवारी, घरी, शांतपणे कागदावर लिहून. "पाणी गढूळ असेल किंवा गुडघ्याच्या वर असेल तर नाला ओलांडणार नाही. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड इशारा असेल तर नाल्याचा ट्रेक होणार नाही, दुसरीकडे जाऊ. साडेअकरापर्यंत नाल्याशी पोचलो नाही तर तिथूनच परत. वाटाडे नाही म्हणाले तर नाही." एवढ्या चार ओळी मराठीत, ठळक, जाहिरातीतच. पैशांचंही तिथेच लिहा : बस आणि जेवणाचा खर्च झालेला असतो, तो परत मिळणार नाही, उरलेली रक्कम पुढच्या ट्रेकमध्ये वळती करू. आणि दुसरा बेत आधीपासून तयार ठेवा. वाट बंद झाली तर कुठे नेणार, तिथे जेवण कुठे, हे बस निघण्याआधी ठरलेलं हवं. नाल्यापासून दूर, पाण्यात न उतरता बघता येईल अशी एखादी टेकडी, देऊळ, जुना किल्ला. शेतात बसून गरम वरणबट्टी आणि वांग्याचं भरीत जेवलेली माणसं एक तारा देत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

नियम आधी लिहायचं आणखी एक कारण आहे. काठावर उभं राहिल्यावर आपलं डोकं आपलं राहत नाही. माणसं दोन तास चालून आलेली असतात, पाणी समोर दिसत असतं, कुणीतरी कॅमेरा काढलेला असतो. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर रॉब हॉल आणि स्कॉट फिशर हे दोन अत्यंत अनुभवी म्होरके पैसे भरून आलेल्या गिऱ्हाइकांना घेऊन चढत होते. दुपारी दोननंतर वर चढत राहायचं नाही, हा संकेत त्यांना पक्का ठाऊक होता. तरी त्या दिवशी दोननंतरही माणसं शिखराकडे चढत राहिली. मग वादळाने गाठलं. त्या वादळात वेगवेगळ्या तुकड्यांतले मिळून आठ जण गेले, आणि ते दोघे म्होरकेही त्यांत होते. एवढे जाणकार लोक जर ऐनवेळी घड्याळाकडे बघूनही पुढे जातात, तर तुमची-माझी काय कथा? लिहिलेला नियम असला की तुम्हाला काठावर निर्णय घ्यावा लागत नाही, फक्त बुधवारी घेतलेला निर्णय वाचून दाखवायचा असतो. "मला वाटतं" म्हटलं की वाद होतो. "आपलं ठरलं होतं" म्हटलं की लोक कुरकुरतात, पण ऐकतात.

यावरून मतदानाचं उत्तर तुम्हाला मिळालं असेल. आतेभावाला ते न्याय्य वाटतं, आणि वरवर बघता आहेही. पण मत द्यायला माहिती लागते. ज्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा डोंगरी नाला बघितला, त्याच्या मताला आणि काकांच्या मताला तुम्ही एकाच पारड्यात टाकणार का? त्यात गर्दीचा एक गुण असा की घाबरलेला माणूस हात खाली ठेवत नाही. शेजारचा वर करतो म्हणून तोही करतो. दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेली आई सगळ्यांसमोर "मला भीती वाटते" म्हणेल का? "ज्यांना जायचं त्यांना जाऊ द्या" हे तर आणखी वाईट. ग्रुप दोन्ही काठांवर विभागला, म्होरके तीन, आणि वरून पाणी आलं, तर कोण कुणाकडे बघणार? उलट नियम करा : थांबायला एक आवाज पुरे, पुढे जायला सगळ्या म्होरक्यांचे होकार लागतील. थांबा म्हणणाऱ्याला त्या जागी कारण विचारायचं नाही, घरी आल्यावर विचारायचं.

आणि तो फॉर्म. "सर्व जबाबदारी माझी राहील" असं लिहून त्याखाली सही घेतली की आपण मोकळे, असा समज फक्त तुमच्या भावाचा नाही, बहुतेक आयोजकांचा आहे. सही घेण्याने एक गोष्ट होते : धोक्याची कल्पना दिली होती, याची नोंद राहते. ती नोंद महत्त्वाची आहे, फॉर्म बंद करू नका. पण तुमच्या हलगर्जीपणाने माणूस गेला तर तो कागद तुम्हाला वाचवत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आधीच्या भारतीय दंड विधानात ती दोन वर्षांपर्यंत होती. पैसे घेऊन सेवा देता म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा आहेच. शिवाय राज्य शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींवरचे साहसी उपक्रम घेणाऱ्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. तुमच्या पत्रात नोंदणीचा कुठेच उल्लेख नाही. केली नसेल तर पुढच्या ट्रेकआधी हे काम काढा. जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांचा विभाग नाशिक आहे, तिथे चौकशी करा. अभयारण्याच्या हद्दीत जात असाल तर वनखात्याची परवानगी वेगळी. कागदपत्रांचा कंटाळा येतो हे मला मान्य आहे, मात्र त्या निमित्ताने प्रथमोपचार कुणाला येतो, साहित्य किती जुनं आहे, विमा आहे का, हे प्रश्न कुणीतरी बाहेरचा तुम्हाला विचारतो. इतकी वर्षं ते कुणी विचारलेले नाहीत.

फॉर्मबद्दल आणखी एक. "काही आजार आहे का?" या रकान्यात ४६ पैकी ४५ जणांनी "नाही" लिहिलंय, असं तुम्ही म्हणता. त्यावर विश्वास ठेवू नका. ते खोटारडे नाहीत. त्यांना वाटतं, हो लिहिलं तर नेणार नाहीत. त्यापेक्षा ट्रेकच्या दोन दिवस आधी फोन करा. "रोज गोळ्या कुठल्या घेता? जिने चढताना दम लागतो का? मधमाशी चावल्यावर कधी अंग सुजलं होतं का? पोहता येतं का?" असं घरच्यासारखं विचारलं की माणूस बोलतो. दम्याचा पंप खिशात आहे की बसमधल्या बॅगेत, हे म्होरक्याला ठाऊक असलं पाहिजे. ४६ जणांना फोन करणं शक्य नाही म्हणाल. मग ४६ जण नेणंही शक्य नाही, असंच मी म्हणेन.

संख्येबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नव्या माणसांचा पावसाळी ट्रेक असेल तर २० च्या वर नेऊ नका, आणि त्यांना तीन जाणती माणसं हवीत : एक पुढे, एक मध्ये, एक सगळ्यांच्या मागे. मागच्याने कुणालाच आपल्या मागे राहू द्यायचं नाही. मोजणी बसमध्ये चढताना करता, तशी प्रत्येक थांब्यावर करा. त्या तिघांपैकी किमान एकाने गिर्यारोहणाचं रीतसर प्रशिक्षण घेतलेलं असावं. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी महिनाभराचा प्राथमिक वर्ग असतो. नोकरीतून रजा मिळणं कठीण, पण तुम्ही किंवा भाऊ, दोघांपैकी एकाने तरी एकदा करावा. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मात्र तिघांनाही हवं, त्यात सवलत नाही. आणि हे सगळं एका कागदावर : सगळ्यात जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं, तिथे सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का (निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा), वाटेत मोबाइलला रेंज कुठल्या टेकाडावर मिळते, १०८ ला फोन कोण करणार, आणि जखमीला उचलून रस्त्यापर्यंत आणायला किती वेळ लागेल. सातपुड्यात हा शेवटचा आकडा एकदा चालून मोजा. मोजलात की पुष्कळ गोष्टी आपोआप ठरतील.

धंद्याचं काय, हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि मी तो गोड करून सांगणार नाही. काही गिऱ्हाइकं जातील. ज्यांना ८९९ मध्ये हमीचा धबधबा हवा आहे, ते त्या दुसऱ्या ग्रुपबरोबर जातील आणि बहुतेक वेळा सुखरूप परतही येतील. २० जणांवर खर्च भागवायचा तर माणशी दर वाढवावा लागेल, आणि पहिलं वर्ष ओढाताणीचं जाईल. पण तुमच्याच वहीत बघा. तुम्ही लिहिलंय की ४६ पैकी १९ जण आधी तुमच्याबरोबर आलेले होते, आणि पैसे परत मागणाऱ्या अकरांत त्यांच्यापैकी फक्त एक होता. म्हणजे जे तुम्हाला ओळखतात त्यांनी तुमचा निर्णय सोसला. तुमचा धंदा त्या अठरा जणांवर उभा आहे. त्यांना एकेकाला फोन करून त्या दिवशी काय झालं, का फिरवलं, ते सांगितलंत का? नसेल तर आजच सुरू करा. वाईट शेरे देणाऱ्यांनाही तिथेच नम्रपणे उत्तर लिहा : हमी लिहिली ही आमची चूक, परत फिरलो तो निर्णय मात्र पुन्हाही तोच घेऊ. ते उत्तर पुढे येणारा प्रत्येक नवा माणूस वाचेल. ज्या आईबापांना मुलांना कुणाबरोबर तरी पाठवायचंय, ते तर ते शोधूनच वाचतील.

पावसाळ्याच्या गर्दीवरच सगळं वर्ष काढायचं, हेही एकदा तपासून बघा. खानदेशात चालायला खरा ऋतू दिवाळीनंतरचा. तोरणमाळचं थंडीतलं धुकं, यशवंत तलावाचा काठ, चाळीसगावजवळचं पाटणादेवीचं रान, धुळ्याचा लळिंग किल्ला, इथे नाल्याची भीती नाही. तिथले धोके वेगळे : किल्ल्यांवर आणि लेण्यांत आग्या मोहोळ असतं, तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा चालत नाही, आणि फेब्रुवारी उलटला की दुपारचं ऊन. आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, त्यामुळे मार्चनंतर अकराच्या आत खाली उतरलेलं बरं. तरी हे धोके आधी दिसतात, पाण्यासारखे मागून येत नाहीत.

आता आतेभाऊ. त्याने पैसे घातलेत, तुमच्याबरोबर सहा वर्षं पहाटे उठलाय, आणि त्या रविवारी बसमध्ये लोकांच्या शिव्या त्याने जास्त खाल्ल्या. त्याला "तुला माणसांच्या जिवाची किंमत नाही" असं काही बोलला असाल, तर आधी त्याबद्दल माफी मागा. त्याला भीती पैशाची आहे, आणि ती रास्त आहे. त्याच्याशी कायद्यावरून वाद घालू नका. एका संध्याकाळी दोघं बसा आणि गेल्या सहा वर्षांतले असे सगळे प्रसंग वहीत लिहा, जे थोडक्यात निभावले : पाय घसरला पण दोर हातात होता, मुलगा वाट चुकला पण तासाभराने सापडला, गाडीचा ब्रेक घाटात लागला नाही. प्रत्येकापुढे लिहा, कशामुळे वाचलो. तुम्ही एकट्याने लिहिलेली यादी त्याला आरोप वाटेल. दोघांनी मिळून लिहिली की त्याची त्याला दिसेल. मला वाटतं, पाचवा-सहावा प्रसंग लिहिताना तो स्वतःच थांबेल. आणि ही वही पुढे चालू ठेवा. दर ट्रेकनंतर घरी जाण्याआधी दहा मिनिटं, चहा पिता पिता.

इतकं करूनही तो म्हणाला, "तुझे नियम तुझ्याजवळ ठेव", तर? मग पावसाळ्यातले ट्रेक त्याने स्वतःच्या नावाने काढावेत, तुमचं नाव त्यावर नको. नातं टिकवायला भागीदारी सोडावी लागली तरी हरकत नाही. आत्याच्या घरी भाऊबीजेला तुम्ही दोघं एकत्र जेवायला बसाल, हे जास्त महत्त्वाचं.

हे वाचणाऱ्या आणि स्वतः कधी ट्रेकला जाणाऱ्यांनाही सांगते. पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा : मागच्या वर्षभरात तुम्ही किती ट्रेक अर्ध्यावरून परत आणले? "एकही नाही" असं उत्तर अभिमानाने आलं, तर दुसरीकडे जा. आणि कुणी तुम्हाला नाल्याच्या अलीकडून परत आणलं असेल, तर त्याला तारे देताना संध्याकाळचा राग एक रात्र ओसरू द्या.

शेवटची गोष्ट त्या काकांची, भाऊ. पत्राच्या तळटिपेत तुम्ही लिहिलंय की त्यांना धबधब्यापर्यंत नेऊन आणल्याचे ५०० रुपये ठरले होते, आणि अर्ध्यातून फिरलात म्हणून भावाने ३०० दिले. तुम्ही हे सहज लिहून गेलात. पण "आज नको" म्हणताना त्या माणसाच्या घरचे दोनशे रुपये कमी होणार होते, हे त्यांना ठाऊक असणार, आणि तरी ते बोलले. पुढच्या वेळी त्यांच्याकडे औषधाला पैसे नसतील, घरी पाहुणे असतील, आणि पाणी किंचितच गढूळ असेल, तेव्हा? त्यांची मजुरी धबधब्याशी बांधू नका. घरातून निघाले की पूर्ण पैसे, ट्रेक कुठूनही परत फिरला तरी. आणि उरलेले २०० या रविवारी स्वतः पाड्यावर जाऊन देऊन या. जमलं तर भावालाही सोबत न्या.